सहा दहाचं पाणी

आमच्या ह्यांना सगळा भाग 'चावीवाले' म्हणतो. रस्त्यात जमिनीलगत लोखंडी झाकणं असतात ना, ती उचलायची, आत छातीएवढी उंच चावी घालायची आणि फेरे देऊन पाणी सोडायचं, हे ह्यांचं काम. एकतीस वर्षं झाली. ह्यांच्याकडे सतरा व्हॉल्व्ह. कुठला किती फेरे, कुठला किती वाजता, कुणाच्या घरात म्हातारं माणूस आहे म्हणून दहा मिनिटं आधी, कुठल्या शाळेची टाकी उंच आहे म्हणून अर्धा फेरा जास्त, सगळं डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. ऑफिसातल्या इंजिनीअर बाईंनी तीनदा सांगितलं, जरा लिहून द्या. हे म्हणाले, "देतो की." दिलं नाही.

लोकांच्या पाण्याचा मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारा हा माणूस, पण स्वतःच्या बाबतीत नुसता आनंद. चप्पल तुटेपर्यंत नवी घ्यायची नाही, आणि तुटली की अनवाणी दुकानात जायचं. पावसाळा आला की गळक्या कौलाखाली बादली ठेवायची, पावसाळा गेला की बादली उचलायची. तहान लागल्यावर विहीर खणायची ही म्हण कुणीतरी आमच्या घरात डोकावूनच केली असणार. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघू." दारावर नावाची पाटी लावायची झाली असती तर मी 'बघू' एवढंच लिहून घेतलं असतं.

पाच महिन्यांपूर्वी चावी फिरवताना ह्यांच्या छातीत कळ आली. झाकणाशेजारीच खाली बसले. दूधवाल्याने पाहिलं म्हणून मला कळलं, नाहीतर हे कसले सांगतायत! तपासण्या झाल्या. डॉक्टरीण बाईंनी टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय हातात घेतलं आणि समजावून सांगितलं, "काका, तीन नळ्या बंद आहेत. बायपास करावी लागेल, पंधरा दिवसांच्या आत. तोवर जड काम अजिबात करायचं नाही. पुढची कळ आली तर आम्हाला वेळ मिळेल असं नाही."

हे म्हणाले, "म्हणजे लाइनीत गाळ बसलाय."

"तसंच समजा."

"बरं. बघू."

ते प्लास्टिकचं हृदय उचलून ह्यांच्या डोक्यात घालावं असं मला वाटलं. डॉक्टरीण बाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी ते हळूच कपाटात ठेवलं.

पंधरा दिवस गेले. महिना गेला. हे रोज पहाटे चावी खांद्यावर टाकून निघायचे. माझं पाया पडून झालं, अबोला धरून झाला, मुलगी फोनवर रडून थकली. पालथ्या घड्यावर पाणी. "मी नसलो तर पाणी कोण सोडणार?" एवढंच म्हणायचे, आणि म्हणताना चेहऱ्यावर असा काही थाट, जणू सूर्यही ह्यांना विचारून उगवतो.

हे निघाले की माझा जीव टांगणीला लागायचा. पाचला पहिला व्हॉल्व्ह, मग एकेक करत सहाला नववा. नववा आमच्या गल्लीचा. नवव्याला सव्वाअकरा फेरे पडले की सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या स्वयंपाकघरातला नळ आधी खोकतो, मग हवा सोडतो, आणि मग पाणी. मी सहापासून त्या नळाखाली हात धरून उभी राहायची. सहा पाच. सहा आठ. पाणी आलं की समजायचं, माणूस जिवंत आहे. मग चहाचं आधण ठेवायचं. एकदा सहा पंधरापर्यंत आलं नाही, तर मी नळाला डोकं टेकवून मोठ्यांदा रडत होते. नंतर कळलं, साहेब वाटेत कुणाशी तरी गप्पा मारत उभे होते. मी काही बोलले नाही. ह्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या उभं राहण्यात मला एक गोष्ट कळली. माणूस उद्याची तयारी कधी करतो? त्याला उद्या हवा असतो तेव्हा. ह्यांना मरायचं होतं असं नाही हो. पण ऑपरेशननंतर चावी सुटणार हे ह्यांनी मनात ओळखलं होतं, आणि चावीच्या पलीकडच्या ह्यांच्या उद्यात काहीच नव्हतं. घरात बसून माझं तोंड बघणं, एवढंच. त्यासाठी छाती कोण उघडून घेईल? मी काही एवढी देखणी नाही.

मग इंजिनीअर बाईंनी ह्यांच्या हाताखाली एक बदलीचा माणूस दिला. चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, आधी कुठेतरी पहारेकरी होता. स्वभावाने गरीब, अंगाने दणकट, आणि सांगितलं तेवढं करणारा. ह्यांना 'दादा' म्हणायचा, मला 'वहिनी'. मला वाटलं, झालं, आता हे चवताळणार. पण उलटंच घडलं. आठवड्याभरातच एका दुपारी जेवता जेवता म्हणाले, "डॉक्टरीण बाईंना विचार, पुढची तारीख कधीची मिळेल."

माझा घास हातातच राहिला.

आणि मग काय विचारता! हे बदललेच. स्वतः फोन करून तारीख पक्की केली. पिशवी काढली, टॉवेल दोन, बनियन चार, सगळ्यांच्या घड्या घातल्या, पुन्हा काढून मोजल्या. मुलीला किती वाजताच्या गाडीने ये हे सांगितलं. तीस वर्षांत ज्या माणसाने परवाचा विचार केला नाही, तो महिन्यानंतरच्या तपासणीची तारीख विचारत होता. मी देवाला हात जोडले. पण आतून कुठेतरी पाल चुकचुकत होती. ह्यांचा हा उत्साह मला ओळखीचा नव्हता. त्यात एक मिश्कीलपणा होता, लपवून ठेवलेला.

ऑपरेशन सकाळी सातला होतं. मुलगी आठपर्यंत पोहोचणार होती, म्हणून दवाखान्यात आम्ही दोघंच. पाचलाच सिस्टरने ह्यांना उठवून हिरवा गाऊन घातला. हे पलंगावर बसले, पाय हलवत. सव्वापाचला विचारलं, "किती वाजले?" पाच वीसला पुन्हा. पाच पंचवीसला पुन्हा, आणि ह्या वेळी फिस्सकन हसले.

"काय आहे हो? गाडी पकडायचीय का?"

"अगं, आज गंमत आहे. दहा वाजेपर्यंत सगळी गल्ली माझ्या नावाने ओरडेल बघ. मी शुद्धीवर आलो ना, की पहिलं मला ते सांगायचं. कोण कोण ओरडलं, सगळं."

मी उठून उभी राहिले. "काय करून आलात तुम्ही?"

"काही नाही केलं. एक गोष्ट सांगितली नाही, एवढंच."

मग हळूहळू बाहेर आलं. सगळे व्हॉल्व्ह डावीकडे फिरवले की उघडतात. फक्त नववा उलटा आहे. फार पूर्वी कुणीतरी दुसऱ्याच बनावटीचा बसवलाय. तो उजवीकडे उघडतो. ह्यांनी बदलीच्या माणसाला सोळा व्हॉल्व्ह नीट शिकवले. नवव्यापाशी आले की म्हणायचे, "हा मी बघतो, तू पुढच्याचं झाकण काढ." दोन महिने रोज. आणि आदल्या दिवशी सांगून आले होते, "नववा थोडा घट्ट आहे. फिरला नाही तर चांगला जोर लाव."

"अहो, तो बंद व्हॉल्व्ह आहे. त्याला आणखी बंद करायला जोर लावला तर काय होईल?"

"आतला दांडा तुटेल."

"आणि चावी?"

ह्यांचा हात हनुवटीकडे गेला. ह्यांच्या हनुवटीवर एक जुनी खूण आहे. तरुणपणी एकदा असाच दांडा तुटला आणि चावी उसळून तोंडावर बसली. दोन दात गेले, जबडा तारेने बांधला होता. तेव्हा मी महिनाभर ह्यांना पातळ भात चमच्याने भरवला होता.

"त्याला लागावं असं नाही गं मला वाटलं," हे म्हणाले. "फक्त पाणी येऊ नये. लोकांना कळावं, की..."

"की काय? तुम्ही किती मोठे? आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन! तुम्ही आपलं नाही, त्या बिचाऱ्याचं नाक कापायला निघालात!"

तेव्हा मला सगळं उलगडलं. टॉवेलाच्या घड्या, तपासणीच्या तारखा, पाय हलवणं. ह्यांना जगायचं होतं, कारण ह्यांना तमाशा बघायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाने पुढचा बेत आखला, आणि तो हा असला.

मी फोन काढला. हे म्हणाले, "त्याला सांगणार असशील तर मी हा निघालो घरी. नाही करायचं मला ऑपरेशन." आणि खरंच पाय खाली सोडले. चप्पल शोधायला लागले.

पाच चौतीस झाले होते. मी तशीच उभी. फोन करावा, तर नवरा हातचा जातो. हा उठून गेला की पुन्हा कधी येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. आणि न करावा, तर अर्ध्या तासात एका परक्या बाईचा नवरा तोंड फोडून घेणार. खोटं कशाला सांगू, मी मिनिटभर विचार केला. पूर्ण एक मिनिट. माझा नवरा वाचू दे, बाकी जगाचं जग बघून घेईल, असं माझ्या मनात येऊन गेलं. त्याची मला अजून लाज वाटते.

मग मी फोन पलंगावर ठेवला आणि ह्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"जा," मी म्हटलं. "पण आधी ऐका. चार महिने मी रोज सहा वाजता नळाखाली हात धरून उभी राहते."

"कशाला?"

"पाणी आलं की कळतं, तुम्ही जिवंत आहात. नाहीतर कसं कळणार मला? त्या दिवशी तुम्ही गप्पा मारत उभे होतात, सव्वासहापर्यंत पाणी नव्हतं, मी मेले होते नळापाशी. तो बदलीवालाही आपल्याच गल्लीच्या टोकाला राहतो. त्याच्या बायकोचा नळही नवव्यावर आहे. ती आज उभी असेल. पहिला दिवस आहे त्याचा एकट्याचा. तुम्ही मरायचे तेव्हा मरा. पण त्या नळाला पाणी येऊ द्या."

चप्पल एका पायात, एक तशीच. ह्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. बराच वेळ माझे हात बघत होते.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"फोन लाव त्याला," ते म्हणाले.

लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलेना.

"नाही उचलणार," हे म्हणाले, आणि चेहरा पार उतरला. "मीच शिकवलंय त्याला. कामावर फोन न्यायचा नाही, फेऱ्यांची मोजणी चुकते. घरी ठेवून गेला असेल, बायको झोपली असेल." मग एकदम उठलेच. "मी जातो. चालत बारा मिनिटं आहे."

"बारा पावलंही नाही जमणार तुम्हाला! बसा!" मी खांद्याला धरून खाली दाबलं. माझा आवाज ऐकून सिस्टर धावत आली. मी तिला म्हटलं, "ह्यांना हलू देऊ नका. मी येते." आणि ह्यांना विचारलं, "कुठलं झाकण?"

"पिठाच्या गिरणीसमोर. उजवीकडे, अगं, उजवीकडे! सव्वाअकरा. शेवटचा पाव फेरा हळू." मी दारात पोहोचले तर मागून आवाज आला, "तू परत येईपर्यंत मला नेलं तर?"

मी निघाले.

माझे गुडघे म्हणजे गंजलेली बिजागरं. जिन्याच्या पायऱ्या उतरतानाच कुरकुरायला लागले. रस्त्यावर आले तर पाच एकावन्न. चालत बारा मिनिटं ह्यांची, माझी अठरा. मी पळाले. साडीचा पदर कमरेला खोचला, चपला हातात घेतल्या आणि पळाले. पेपरवाला सायकल थांबवून बघत होता. मनात एकच चाललं होतं, की तिकडे ह्यांना आत नेतील आणि मी नसेन, आणि इकडे मी पोहोचायच्या आत तो जोर लावील. दोन्हीकडून जाईन मी.

गिरणीचं वळण घेतलं आणि तो दिसला. चावी आत घातलेली, आडव्या दांडीवर छाती टेकवून, पाय रोवून, सगळ्या अंगाचं वजन डावीकडे टाकत होता. तोंड अगदी दांडीच्या वर. लोखंड करकरत होतं.

"सोड!" मी ओरडले. "सोड ती! उलटा आहे!"

तो दचकून मागे झाला. मला बघून पांढराफटक पडला. "वहिनी! दादांना काही..."

मला धाप लागली होती, बोलता येईना. मी हातानेच दाखवलं, उजवीकडे. तो म्हणाला, "पण दादा म्हणाले, घट्ट आहे, जोर लाव."

"विसरले ते सांगायचं," मी म्हटलं. आयुष्यात एवढं कडू खोटं मी बोलले नव्हते.

त्याने चावी उजवीकडे फिरवली. लोण्यासारखी फिरली. मी मोठ्याने मोजत होते. अकराला त्याचा हात धरला, "आता पाव, हळू." पायाखाली पाणी धावायला लागल्याचा आवाज आला. एकतीस वर्षांत तो आवाज मी पहिल्यांदा जवळून ऐकला. सहा वाजून सहा मिनिटं झाली होती. थोड्या वेळात माझ्या स्वयंपाकघरात नळ खोकणार, आणि त्याखाली कुणी नसणार.

परत आले तेव्हा पलंग रिकामा होता.

चादर ओढून नीट केलेली, खाली चपला, शेजारी-शेजारी. सिस्टर म्हणाली, "आधीच्या पेशंटचं पुढे गेलं, म्हणून ह्यांना लवकर नेलं. कागद-पेन मागून घेतला होता. हे तुम्हाला द्यायला सांगितलंय."

मी बाकावर बसले. कुठल्या तरी तपासणीच्या कागदाची पाठकोरी बाजू. एक ते सतरा आकडे, प्रत्येकासमोर जागा, वेळ, फेरे. वाकडंतिकडं, घाईघाईचं अक्षर. नवव्यासमोर लिहिलं होतं: 'उलटा. उजवीकडे. मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्याला मी स्वतः सांगेन.' आणि सतराच्या खाली, त्याच रांगेत, अठरा: 'नवी चप्पल. जुनी तुटायच्या आधी.'

मग साडेपाच तास. मुलगी आली, माझा हात धरून बसली. मी तिला काही सांगितलं नाही. मी तो अठरावा आकडा बघत होते. एकदा वाटायचं, चांगलं लक्षण आहे. मग वाटायचं, मेल्या, आता सुचलं होय तुला! आत्ताच सुचायचं होतं! बारा वाजून गेल्यावर दार उघडलं. डॉक्टरीण बाईंनी तोंडावरचा कपडा खाली केला आणि आधी मला बसायला सांगितलं. मी बसले. पण त्या म्हणाल्या, "गाळ काढलाय. बरे आहेत. चावी मात्र आता विसरायची."

शुद्धीवर आल्यावर हे पहिलं काय म्हणाले? "नववा?"

"सव्वाअकरा," मी म्हटलं. हे डोळे मिटून पडून राहिले.

पाचव्या दिवशी बदलीवाला भेटायला आला. ह्यांनी मला बाहेर पाठवलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल होता, माझ्याशी न बोलता निघून गेला. बरोबर केलं त्याने. तो कागद मात्र घडी घालून खिशात घेऊन गेला होता. आठवडाभर त्याने आमच्या दारावरून जाताना मान वर केली नाही. मग एक दिवस दारात उभा राहून विचारलं, "दादा, बाराव्याचा अर्धा फेरा जास्त तो कशासाठी?" तेव्हापासून रोज येतो.

आता सहाला मी उठते तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो. हे आधीच उठून नळाखाली हात धरून उभे. छातीवर टाक्यांची पट्टी, पायात नवी चप्पल, घरातसुद्धा. जुनी अजून तुटलेली नाही.

काल सहा बारा झाले तरी पाणी आलं नाही. हे एकदा खिडकीकडे जायचे, एकदा नळाकडे.

"दोन मिनिटं झाली," ते म्हणाले. "काही झालं तर नसेल त्याला? सांगितलंय ना मी सगळं? काही राहिलं तर नाही?"

"येईल हो. वाटेत कुणाशी गप्पा मारत असेल."

"अशा वेळी गप्पा?" हे माझ्यावरच उखडले. "घरी माणसं नळापाशी उभी असतात, एवढं कळत नाही?"

मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली, पण हात नळाखालून काढला नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सहा चौदाला नळ खोकला, हवा सोडली, आणि ह्यांच्या हातावर पाणी पडलं. मी चहाचं आधण ठेवलं.